रुमा गुहा ठाकुरता आणि कलकत्ता यूथ कॉयर : कुणी सविस्तर सांगेल का?

सूरसंगत_डोंबिवली :

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत आम्ही काही बायका आणि निवृत्त झालेले काही काका मिळून समूहगानाचा एक गट चालवतो. सुरुवात भजनी मंडळ म्हणून झाली. पुढे अभंगांच्या जोडीला कोळीगीतं आली, स्फूर्तिगीतं आली, आणि आता गणपतीत आणि प्रजासत्ताक दिनाला आम्हाला हमखास बोलावणं असतं. पेटी मी वाजवते, चालीही मीच बसवून घेते. त्यामुळे गट टिकवणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. कोणाची सासू आजारी, कोणाच्या नातवाची परीक्षा, तर कोणाच्या घरी 'आता हे कशाला या वयात' असं चाललेलं.

परवा किशोरकुमारांवर एक लेख वाचत होते. त्यात पहिल्या पत्नीबद्दल एवढंच लिहिलेलं : रुमा, बंगाली अभिनेत्री आणि गायिका, मुलगा अमितकुमार, १९५८ मध्ये घटस्फोट, त्याच वर्षी 'कलकत्ता यूथ कॉयर' या समूहगान गटाची स्थापना. पुढचं वाक्य थेट मधुबालावर. मी तिथेच अडकले. संसार मोडला, पदरात लहान मुलगा, आणि त्याच वर्षी ही बाई कॉयर उभा करते. हे सगळं एका ओळीत उरकलेलं!

तर, या मुळात कोण होत्या? गाणं कुणाकडून आलं? कॉयरपायी संसार मोडला म्हणतात ते खरं का? मुलांचं पुढे काय झालं? आणि गटात गाणाऱ्यांना एक जास्तीचा प्रश्न. बायकांचा आणि पुरुषांचा सूर तुम्ही एकत्र कसा बसवता? आमच्याकडे काळी चार ही पेटीवरची उंच पट्टी धरली की काका घुसमटतात, आणि काळी एक ही खालची धरली की बायकांना एकतर फार वर नाहीतर फार खाली जावं लागतं.

हाजरा_रोड :

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. वेळ काढून लिहिते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं बालपण कलकत्त्यात गेलं. बाबांची नोकरी तिकडे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आमचा गणपती, आमचं हळदीकुंकू, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं बंगाल. पंधरा ऑगस्टला पहाटे पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, क्लबची पोरं बांबूला कर्णा बांधायची. झेंडा चढायच्या आधीच कलकत्ता यूथ कॉयरची रेकॉर्ड लागलेली असायची. त्या कर्ण्यावर एकट्या गायकाचा आवाज पत्र्यासारखा वाजायचा, पण यांचं गाणं लागलं की पुष्कळ माणसं एकदम गाताहेत हे लहान मुलालाही कळायचं. बायकांचा सूर वरून यायचा, पुरुषांचा खालून, आणि मध्येच दोन्ही एकमेकांत मिसळायचे. माझी आई पोहे परतता परतता त्यातली खालची, पुरुषांची बाजू गुणगुणायची, कारण तिच्या गळ्याला तीच सोयीची होती. बंगालीचा एक शब्द तिला तेव्हा धड येत नव्हता. त्या गाण्यात तिला गळ्यापुरती जागा मिळाली होती. समूहगान कशासाठी असतं, असं मला कुणी विचारलं तर मी आईचं हेच सांगते.

आता रुमादींबद्दल. तिकडे सगळे त्यांना रुमादीच म्हणतात, मीही तसंच लिहिते.

जन्म १९३४ चा, कलकत्त्यातला. माहेरचं आडनाव घोष. आई सती देवी, स्वतः गायिका. सती देवींची बहीण बिजोया म्हणजे सत्यजित राय यांच्या पत्नी. म्हणजे राय हे रुमादींच्या सख्ख्या मावशीचे यजमान. मावशीही सुरेल गायच्या. लहान वयातच रुमादी उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात नाच शिकल्या. त्या केंद्रात नाच, वाद्यं, नाटक असं सगळं एकाच छपराखाली चालायचं आणि एकट्याने चमकण्यापेक्षा जथ्याबरोबर पाऊल टाकायला आधी शिकवलं जायचं. गुरुदत्त तिथलेच, जोहरा सेहगलही तिथल्याच. माझ्या मते कॉयरचं मूळ शोधायचं तर अल्मोड्यात शोधावं. किशोरकुमार भेटण्याच्या कितीतरी आधी.

मुंबईशी नातं बॉम्बे टॉकीजमुळे. १९४४ चा 'ज्वार भाटा', दिलीपकुमारांचा पहिला चित्रपट, त्यात लहानग्या रुमादी आहेत. पुढे १९५० चा 'मशाल'. त्याच सुमारास किशोरकुमारांशी लग्न झालं आणि १९५२ च्या जुलैत अमितचा जन्म. तेव्हा किशोरकुमार अजून आपल्याला माहीत असलेले किशोरकुमार झालेले नव्हते. अशोककुमारांचा धाकटा भाऊ, हीच ओळख मोठी होती.

याच काळात 'दो बीघा जमीन'च्या निमित्ताने सलिल चौधरी मुंबईत आले. सलिलदा इप्टाच्या, म्हणजे डाव्या विचारांच्या लोकनाट्य चळवळीच्या, मुशीतले. मोर्च्यात, शेतकऱ्यांच्या सभेत, धान्याच्या कोठारासमोर गायची गाणी त्यांनी रचली होती. मुंबईत त्यांनी 'बॉम्बे यूथ कॉयर' सुरू केला आणि रुमादी त्यात पहिल्यापासून होत्या. देवळातली आरती नाही, चर्चमधलं स्तोत्र नाही, शाळेची प्रार्थना नाही, तरीही चार-चार आवाजांत एकत्र गायचं, ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे नवीच होती. मुंबईत जे हाताशी आलं ते रुमादी कलकत्त्याला घेऊन गेल्या. १९५८ मध्ये कलकत्ता यूथ कॉयर सुरू झाला, त्याच्या स्थापनेत सलिलदा आणि सत्यजित राय दोघेही त्यांच्या बरोबर होते.

गायचे काय? रवींद्रनाथ, नझरुल, सलिलदांची गाणी, गावोगावची लोकगीतं. पण घराघरांत पोचलं ते भूपेन हजारिकांचं गंगेचं गाणं. आपल्याकडे ते 'गंगा बहती हो क्यूँ' म्हणून माहीत आहे, हिंदी शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. मूळ आसामी, आणि त्यामागे अमेरिकन गायक पॉल रोबसनच्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्याची प्रेरणा. बंगालीत शिवदास बंद्योपाध्यायांच्या शब्दांत कॉयरने ते म्हटलं. भूपेनदांचं एकट्याचं ऐका, एक माणूस नदीला जाब विचारतोय असं वाटतं. कॉयरचं ऐका, दोन्ही काठांवरची माणसं विचारायला उभी राहिलीत असं वाटतं. मला कॉयरचं जास्त आवडतं. त्या गाण्यातला प्रश्न एकट्याचा नाहीच.

१९७४ मध्ये कोपनहेगनच्या युवक महोत्सवात कॉयरला पहिलं बक्षीस मिळालं. ती बातमी आमच्या पाड्यात आपल्याच घरच्या मुलांना मिळाल्यासारखी साजरी झाली होती.

संसाराचं म्हणाल तर १९६० मध्ये त्यांनी अरूप गुहा ठाकुरता यांच्याशी लग्न केलं. ते चित्रपट दिग्दर्शक. त्यांच्या 'बनारसी' चित्रपटात रुमादींनी काम केलं. मुलगा अयन आणि मुलगी श्रमणा, ती गायिका. म्हणजे घर मोडलं ते एकदा, आणि दुसऱ्यांदा उभं राहिलं ते चांगलं भरलेलं. चित्रपटही थांबले नाहीत. 'गंगा', राय यांचा 'अभिजान', पुढे 'गणशत्रू'. १९६३ च्या 'पलातक'मध्येही त्या आहेत, आणि हा बंगाली चित्रपट आपल्या व्ही. शांतारामांनी निर्माण केला होता. म्हातारपणी मीरा नायरच्या 'द नेमसेक'मध्येही त्या दिसतात. ३ जून २०१९ ला बालीगंजच्या राहत्या घरी गेल्या. वय ८४.

रेडिओप्रेमी :

हाजराताई, सुंदर लिहिलंत. संसार मोडण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण त्याबद्दल खुद्द किशोरदांचंच म्हणणं छापलेलं आहे. १९८५ मध्ये प्रीतीश नंदींनी 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी त्यांची मुलाखत घेतली होती. त्यात चारही लग्नांबद्दल विचारलं. रुमाबद्दल त्यांच्या बोलण्याचा आशय असा की ती फार गुणी होती, पण आम्ही आयुष्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहत होतो. तिला कॉयर आणि स्वतःचं काम उभं करायचं होतं, मला घर उभं करून देणारी हवी होती, दोन्हीचा मेळ बसणार कसा?

आता सूरसंगत ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असं कुणी म्हणेल. मी पक्का किशोरभक्त आहे, तरी मला हे पुरेसं वाटत नाही. एकतर हे सत्तावीस वर्षांनंतर, एका बाजूने सांगितलेलं आहे. दुसरं म्हणजे १९५८ हे साल बघा. त्याच वर्षी 'चलती का नाम गाडी', त्याच वर्षी त्यांनी स्वतः काढलेला बंगाली 'लुकोचुरी'. घरी बसायला त्यांना तरी कुठे सवड होती? आणि 'लुकोचुरी' मिळवून जरूर ऐका. हेमंतकुमारांचं संगीत, आणि त्यातलं एक हळुवार युगुलगीत किशोर आणि रुमा यांनी मिळून म्हटलेलं आहे. ज्या वर्षी ते वेगळे झाले त्याच वर्षी पडद्यावर आलेलं. त्यात कडवटपणाचा मागमूस नाही. रुमादींचा आवाज किशोरदांच्या आवाजाला कुठेही दाबत नाही, पण मागेही राहत नाही. मी ते गाणं लावलं की संपेपर्यंत दुसरं काही करत नाही.

अमितकुमार आईजवळ कलकत्त्याला वाढले, मग वडिलांकडे मुंबईला आले. १९७६ च्या हिंदी 'बालिका बधू'तल्या 'बडे अच्छे लगते हैं'ने त्यांचं नाव झालं. गंमत अशी की १९६७ च्या मूळ बंगाली 'बालिका बधू'त त्यांची आई होती. आणि किशोरदांच्या शेवटच्या काळात घरात होत्या त्या लीना चंदावरकर, आपल्या धारवाडच्या. त्यांनी आणि अमितने पुढे एकत्र घर सांभाळलं, हे मला नेहमी कौतुकाचं वाटतं.

हाजरा_रोड :

रेडिओप्रेमी, मनापासून आभार. 'कॉयर की घर' ही वाटणी किशोरकुमारांची होती, रुमादींच्या आयुष्यात ती मला दिसत नाही. आई गाणारी, मावशी गाणारी, मोठा मुलगा गायक, मुलगी गायिका, दुसरे यजमान चित्रपटवाले. ज्या घरात गाणं हाच घरचा व्यवहार आहे तिथे तालमीला आलेली माणसंही घरचीच होतात. पुरुषाने वाद्यवृंद काढला की त्याच्या बायकोने घर कसं सांभाळलं याचं आपण कौतुक करतो. बाईने कॉयर काढला की पहिला प्रश्न घर का मोडलं हाच येतो. सूरसंगत ताई, हे तुमच्यावर नाही, तुम्ही उलट त्या एका ओळीवर अडून बसलात म्हणून तर ही चर्चा झाली. पण त्या लेखासारखे लेख मी आयुष्यभर वाचत आले आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पांढरी_पाच :

सूराच्या प्रश्नाकडे वळतो. ताई, अडचण अशी आहे की तुम्ही सगळ्यांना एकच चाल देताय. पुरुषांचा सा साधारण काळी एक-दोनच्या आसपास, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाचपर्यंत. एका पट्टीत दोघांना संपूर्ण गाणं म्हणायला लावलं तर कुणीतरी एक बाजू ओढाताण करणारच. भजनात हे खपून जातं, कारण टाळ-मृदंगाचा गजर असतो. नुसत्या गळ्यांवर गायचं म्हटलं की उघडं पडतं.

सलिलदांनी नेमकी इथेच वाट काढली. त्यांचे वडील आसामच्या चहामळ्यात डॉक्टर होते आणि घरात पाश्चात्त्य सिंफनींच्या तबकड्यांचा मोठा साठा होता. मोझार्ट, बीथोवन ऐकत वाढलेला मुलगा आणि आजूबाजूला मळ्यातल्या मजुरांची गाणी. त्यातून त्यांना हे उमगलं की चाल एका गटाकडे ठेवायची आणि बाकीच्यांना तिच्या आधाराचे वेगळे स्वर द्यायचे.

तुमच्या गटासाठी सोपी पद्धत सांगतो. पट्टी बायकांची धरा, काळी चार. चाल बायकांकडेच. काकांना चाल अजिबात देऊ नका. त्यांना लांब, स्थिर स्वर द्या. ओळ षड्जाभोवती फिरत असेल तेव्हा सा, धैवत-मध्यमाकडे गेली की म, आणि ओळ पुन्हा सा वर यायच्या आधी प. म आणि प त्यांच्या गळ्याला जिथे सुखाचे पडतात तिथे घ्यायचे. शब्द नकोत, सुरुवातीला नुसता 'अ'कार किंवा मिटल्या ओठांचा हुंकार. पेटीवर आधी त्यांचा स्वर दाबून धरा, तो पक्का झाला की मगच बायकांना गायला सांगा. पहिल्या दिवशी काका हमखास चालीकडे घसरतील, कारण चाल तोंडपाठ असते. म्हणून मुद्दाम नवीन गाणं घ्या.

आणि एक. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला मधोमध उभं करू नका. कडेला ठेवा.

गिरणगाव :

वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून जुनं थोडं सांगतो. या सगळ्या कॉयरांचं एक माहेर आपल्या मुंबईतच आहे. इप्टाची अखिल भारतीय स्थापना २५ मे १९४३ रोजी इथेच मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात झाली. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेखांचा आवाज लागला की ध्वनिक्षेपकाची गरज नसे, आणि ते धृपदाची ओळ समोरच्या गर्दीला देऊन टाकत. गिरणी सुटल्यावर कामगार उभ्या उभ्या ती ओळ घेत. तो आमचा कॉयर.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचंही तसंच. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी गावोगाव माणसं गाती केली. आणि पाश्चात्त्य पद्धतीचं चार आवाजांचं गाणं शिकायचं तर व्हिक्टर परांजोतींनी १९५६ मध्ये मुंबईत काढलेला कॉयर होता. त्यांच्यानंतर १९६७ पासून कुमी वाडियांनी तो कितीतरी वर्षं सांभाळला.

हाजराताईंच्या रुमादींसारखंच आणखी एक नाव सांगतो, मद्रासचे एम. बी. श्रीनिवासन. चित्रपट संगीतकार, चळवळीतला माणूस. त्यांनी मद्रास यूथ कॉयर काढला आणि तमिळ कवी सुब्रमण्य भारतींच्या कविता चार आवाजांत बसवल्या. त्यांच्या पत्नी जाहिदा या सैफुद्दीन किचलूंची कन्या. ज्या किचलूंच्या अटकेवरून १९१९ मध्ये अमृतसर पेटलं आणि पुढे जालियनवाला बाग घडली, तेच किचलू. तमिळ ब्राह्मण मुलगा, काश्मिरी मुसलमान घरची मुलगी, आणि मुलाचं नाव कबीर. १९८८ मध्ये श्रीनिवासन लक्षद्वीपला गेले होते, तिथेच वारले. ही माणसं घर आणि गाणं एकाच विचाराने चालवत होती, म्हणून त्यांची आठवण काढावीशी वाटते.

सूरसंगत_डोंबिवली :

सगळ्यांचे किती आभार मानू! गिरणगाव काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्यातल्या एक काकूंचे वडील गिरणीत होते, त्यांनी अमर शेखांना कामगार मैदानात ऐकल्याचं त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. त्या दिवशी तालीम बाजूलाच राहिली, सगळ्या आपापल्या वडिलांच्या गोष्टी सांगत बसल्या.

पांढरी पाच, तुमचं सांगणं करून पाहिलं. नवीन गाणं नव्हतं म्हणून एक फारसा म्हटला न जाणारा अभंग घेतला. काकांना सा दिला, तोंड मिटून. पहिली ओळ झाली आणि कुलकर्णी काकू गाता गाता थांबल्या, म्हणाल्या, 'अगं, खालून कोण उचलतंय?' काकांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. इतकी वर्षं ते मागे टाळ धरून बसत होते. मध्यमावर जाताना मात्र दोघे तिघे चुकतात, एकजण तर प वरच राहतो.

हाजराताई, ते गंगेचं गाणं आम्हाला बंगालीतच करायचं आहे. हिंदी सगळ्यांना येतं, पण तुमच्या आईने शब्द न कळता म्हटलं तर आम्हीही म्हणू. शब्द आणि उच्चार द्याल का? आणि आमच्या सुनांपैकी दोघी विचारत होत्या की लहान मुलांना तालमीला आणलं तर चालेल का. मी हो म्हणून टाकलंय.

पांढरी_पाच :

मध्यमासाठी : त्या दोघा-तिघांना डोळे मिटू देऊ नका, तुमच्या डाव्या हाताकडे बघायला सांगा. हात खाली म्हणजे सा, छातीशी म्हणजे म, खांद्याशी म्हणजे प. प वर राहणाऱ्या काकांना शेवटच्या ओळीपर्यंत प वरच राहू द्या, सा आणि प एकत्र गोडच वाजतात.

हाजरा_रोड :

मुलांना जरूर आणा. उच्चार लिहून नीट कळणार नाहीत, मी ओळीओळीने म्हणून ध्वनिमुद्रण पाठवते. पुरुषांची बाजू वेगळी पाठवते, ती मला आईकडून पाठ आहे. एक विनंती, शेवटचं कडवं घाईत घेऊ नका. तिथे लय वाढवायचा मोह होतो, कलकत्त्यातल्या पाड्यापाड्यांतल्या गटांनाही होतो. पेटी थोडी मागे ठेवा म्हणजे आवरेल.